गिलावा केलेला ठोकळा

तुमच्या बाबाने तुम्हाला माझ्याबद्दल जे सांगितलं आहे त्यात खोटं काहीच नाही. चादरीची घडी चारही कोपरे जुळवून घालायची, डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, आलेल्या पत्रावर मिळाल्याची तारीख टाकायची, हे सगळं मी करत आले आणि घरातल्यांकडून करवून घेतलं. मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं माझी नक्कल करत होतात तेव्हा मीही हसले. पण नंतर वाटलं, या नीटनेटकेपणामुळे एकदा काय झालं ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं. तुमच्या बाबालाही मी ते अर्धंच सांगितलं आहे.

माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि कामाची पत्रं मी आयुष्यभर इंग्रजीत लिहिली. पण ही गोष्ट ज्या माणसांमध्ये घडली ती मराठीत बोलत होती, म्हणून मराठीत लिहिते. वाचायला वेळ लागला तर लागू दे.

तुमच्या आजोबांचा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा होता. तिथे रॉक बोल्ट तयार व्हायचे. डोंगर फोडून बोगदा काढतात तेव्हा वरचा खडक लगेच खाली येत नाही, पण सुरुंगाने त्याच्या भेगा उघडतात आणि तो सैल होतो. मग छतात खोल भोक पाडून त्यात पोलादी सळई घालतात. आतल्या बाजूला ती रेझिनने चिकटवतात. बाहेर राहिलेल्या टोकावर एक जाड चौकोनी प्लेट घालून नट आवळतात. आतला घट्ट खडक बाहेरच्या सैल खडकाला असा धरून ठेवतो. गोधडीला टाके घालतात तसंच हे. एकेका टाक्यात फार जोर नसतो, पण सगळे मिळून थर सरकू देत नाहीत. फरक इतकाच की या गोधडीखाली माणसं काम करत असतात.

आजोबा ऑर्डरी आणायचे आणि माल करवून घ्यायचे. तुमचा बाबा कॉलेजात गेल्यावर मी गाळ्यात जाऊ लागले. घाटकोपरहून आम्ही दोघं एकत्रच निघायचो, नंतर मेट्रो झाली तेव्हा मेट्रोने. कॉलेजात मी साहित्य शिकले होते, यंत्राचं मला काही कळत नव्हतं. पण आकडे वाचणं, लिहिणं आणि त्यांचा इंग्रजी दाखला तयार करणं मला येत होतं. हळूहळू टेस्टिंग पूर्ण माझ्याकडे आलं. दर लॉटमधले काही बोल्ट ओढून पाहायचे, रजिस्टरमध्ये नोंद करायची, दाखल्यावर सही करायची. माझ्या सहीशिवाय माल गाळ्याबाहेर पडत नसे, आणि याचा मला अभिमान होता.

तिसरं माणूस म्हणजे आमचे फिटर. जालन्याकडचे, गाळा उघडला त्या दिवसापासून आमच्याबरोबर. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. बुद्धपौर्णिमेला त्यांच्या घरची खीर आमच्याकडे यायची आणि संक्रांतीला माझे तिळाचे लाडू त्यांच्याकडे जायचे. ते आजोबांना साहेब म्हणत आणि मला वहिनी, पण बोलताना दोघांचीही भीड ठेवत नसत.

गाळ्याच्या मागच्या भिंतीपासून थोडा पुढे काँक्रीटचा एक ठोकळा होता, माझ्या कमरेएवढा. त्याच्या मधून आरपार भोक होतं. त्यातून सळई घालायची, पुढच्या तोंडाशी प्लेट आणि नट लावायचा आणि मागच्या बाजूने जॅक लावून सळई ओढायची. मिस्त्री पंप मारत जायचे, मी पंपाच्या मीटरचा काटा वाचायची. ठरलेल्या भारापर्यंत बोल्ट टिकला की पास.

खंडेनवमीला गाळ्यात यंत्रांची पूजा असायची. आधीचे दोन दिवस साफसफाई चालायची. एका वर्षी मी त्या ठोकळ्यासमोर उभी राहिले. प्लेटा दाबून दाबून त्याचं तोंड उंदराने कुरतडल्यासारखं झालं होतं. आकडेही कधी कमी कधी जास्त येत, कधी कधी टेस्ट पुन्हा घ्यावी लागे, आणि खाडाखोड झालेलं पान माझ्याने बघवत नसे. मी गवंडी बोलावला आणि ठोकळ्याच्या तोंडावर कडक सिमेंटचा गिलावा करून घेतला, ओळंबा लावून. वर चुना दिला. पूजेच्या दिवशी त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि झेंडूची माळ घातली. पुढे तो रिवाजच पडला. दरवर्षी खंडेनवमीच्या आधी ठोकळ्याला नवा गिलावा, आणि मधे कुठे खपली निघाली तर डागडुजी.

त्यानंतर माझे आकडे एका ओळीत यायला लागले. मला वाटलं, गाळ्याला शिस्त लागली.

मिस्त्रींची मुलगी सिव्हिल इंजिनियर झाली आणि तिला पूर्व उपनगरातल्या डोंगराखाली चाललेल्या पाण्याच्या एका बोगद्यावर नोकरी लागली. योगायोग असा की त्या बोगद्याला आमचेच बोल्ट जात होते. नोकरीचे पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, आता रोज तुमची सही डोक्यावर घेऊन उभी राहणार." मला किती बरं वाटलं होतं ते मी आज सांगूही शकत नाही.

सुमारे वर्षभराने ती एका दुपारी गाळ्यात आली. अंगावर कामाचं जॅकेट, बुटांना चिखल. तिने पिशवीतून एक तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. नट होता, त्यात अडकलेलं सळईचं टोक होतं आणि एका बाजूला दुमडलेली आमची प्लेट.

आजोबांनी चष्मा लावून तुकडा फिरवून पाहिला. "जास्त आवळला असणार. तुमचे लोक मशीन लावतात आणि बोट काढतच नाहीत."

"काका, एक तुटला असता तर मीपण हेच बोलले असते. हा चौथा आहे."

"मग रेझिन नीट मिसळलं नसेल."

"रेझिन झकास धरलंय. सळई आतच आहे, हलत पण नाही. तुटलंय इथं, नटाच्या तोंडाशी, पहिल्याच आट्याला."

मिस्त्री मशीनवरून उठून आले. तुटलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "ओढून नाही तुटला साहेब. वाकून तुटलाय."

"मिस्त्री, पोरीची बाजू घेऊ नका हो."

"पोरीची कुठं, मी तर लोखंडाची घेतोय."

मी रजिस्टर आणून तिच्यासमोर उघडलं. पानामागून पान, एकाखाली एक नोंदी, सगळे पास. तिने शांतपणे चाळलं आणि म्हणाली, "काकू, एक माझ्यासमोर करून दाखवता?"

आम्ही दाखवला. मिस्त्री मागच्या बाजूला जाऊन पंप मारायला लागले. काटा चढत गेला, ठरलेल्या आकड्यावर थांबला, बोल्टला काही झालं नाही. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं. ती काट्याकडे पाहतच नव्हती. ठोकळ्याच्या पांढऱ्या तोंडावरून ती तळहात फिरवत होती.

"इतकं गुळगुळीत आमच्याकडे काहीच नसतं," ती म्हणाली. "सुरुंगानंतर छत म्हणजे नुसते दात असतात. प्लेटचा एक कोपरा टेकतो, बाकीचे हवेत. मग नट आवळला की सळईची मान वाकते. काकू, हा ठोकळा पहिल्यापासून असाच आहे का?"

त्या क्षणी मला आठवलं. पहिल्यांदा गवंडी आला होता तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "वहिनी, डोंगराला कोण प्लास्टर करून देणार?" सगळे हसले होते. मी पण हसले होते आणि म्हटलं होतं, "घाणेरड्या पाटीवर अक्षर चांगलं येत नाही, मिस्त्री."

मुलगी उत्तराची वाट पाहत होती. मिस्त्री ठोकळ्यामागे जॅक सोडवत होते, शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर चालू होता, त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आजोबा फोनवर होते.

मी म्हणाले, "ठोकळा तोच आहे."

हे खोटं नव्हतं. ठोकळा तोच होता. तिने मान हलवली, घड्याळ पाहिलं, म्हणाली, "चला, सेकंड शिफ्ट आहे," आणि बापाला हात करून निघून गेली. तुकडा माझ्या टेबलावरच राहिला.

मी गप्प का बसले याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ऑर्डर जाईल ही भीती नव्हती. इतकी वर्षं मी ज्या पानांवर सही केली ती सगळी पानं एका वाक्याने खोटी होणार होती, आणि ते वाक्य तोंडातून निघेना. मनाशी म्हटलं, उद्या सकाळी आधी खात्री करून घेऊ, मग सांगू. खात्री करायला गिलावा फोडावा लागणार होता, आणि तो त्या दुपारीही फोडता आला असता. संध्याकाळी घरी जाऊन मी स्वयंपाक केला. आजोबांनी विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, डोकं दुखतंय.

सकाळी गाळ्यावर पोचलो तर मिस्त्री शटरजवळ फोन हातात घेऊन उभे होते. आम्हाला बघताच आधी म्हणाले, "पोरगी बरी आहे." मग बाकीचं सांगितलं. सेकंड शिफ्टमध्ये एका बोल्टचं टोक तुटून उडालं, प्लेट पडली आणि तिच्यामागून खडकाचा एक पापुद्रा सुटला. खाली ड्रिलिंगवाला होता, भांडुपचा. त्याचा उजवा हात आणि खांदा त्याखाली सापडला. मुलगी त्याच्यापासून चार पावलांवर होती. तिनेच त्याला दवाखान्यात नेलं.

मी तिथेच, दारात, दोघांना सगळं सांगितलं. मुलीने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, ते शब्दाला शब्द.

आजोबा स्टुलावर बसले. मिस्त्रींनी फोन खिशात घातला. मग म्हणाले, "वहिनी, माझी पोरगी खाली असते तिथं." आवाज चढला नव्हता. याबद्दल यापेक्षा जास्त त्यांनी मला कधी सुनावलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. त्यांनी छिन्नी-हातोडा घेतला, ठोकळ्यासमोर मांडी घातली आणि गिलावा फोडायला सुरुवात केली. थराखाली थर निघत होते, प्रत्येक खंडेनवमीचा एक. शेवटी आतलं काँक्रीट लागलं तेव्हा त्यांनी तेही एका बाजूने तिरकं आणि ओबडधोबड करून टाकलं.

दुपारपर्यंत आम्ही पहिला बोल्ट ओढला. काटा ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यापुढे जेमतेम गेला आणि टोक तुटलं. नट गोळीसारखा सुटून समोरच्या जाळीवर आदळला. दुसरा थोडा पुढे गेला. तिसरा पहिल्यापेक्षाही आधी तुटला. मी आकडे लिहीत गेले. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं, याची मला लाज वाटली.

मग बोगद्याच्या कंपनीला पत्र लिहायला बसले. आजोबा माझ्या मागे उभे होते.

"अगं, 'शक्यता नाकारता येत नाही' असं काहीतरी लिही. एकदम असं नको."

"कसं नको?"

"म्हणजे थेट आपल्या गळ्यात..."

"गळ्यात आपल्याच आहे."

मी लिहिलं की आमच्या चाचण्या गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर घेतल्या होत्या. खडबडीत पृष्ठभागावर हे बोल्ट ठरलेला भार घेत नाहीत. हे बोल्ट जिथे बसवले आहेत तिथे आधार दिल्याशिवाय कृपया माणसं पाठवू नका. खाली सही केली. आजोबांनी कागद माझ्या हातातून घेतला, उभ्या उभ्या वाचला, खिशातून पेन काढलं आणि माझ्या सहीखाली आपली सही केली. तुमचे आजोबा कसे होते असं कुणी विचारलं तर मला हेच आठवतं.

बोगद्याचा तो भाग थांबवला. खाली टेकू दिले आणि मधे मधे दुसऱ्यांचे बोल्ट मारले. आमच्याकडचा माल बंद झाला, ते बरोबरच होतं. चौकशीला माणसं आली, मी रजिस्टरं दिली, विचारलं ते सांगितलं.

पण मिस्त्री थांबले नाहीत. बोल्ट असा का तुटतो हे आता कळलं होतं, तर तसा तुटणार नाही असा करायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मुलगी सुट्टीच्या दिवशी यायची. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची आणि मी त्यापेक्षा जास्त मागितलं नाही. तिने कागदावर काढून दाखवलं: प्लेट सपाट ठेवायची नाही, मधे वाटीसारखी खोलगट करायची आणि नटाखालची वॉशर अर्ध्या चेंडूसारखी गोल. मग खडक कसाही तिरका असला तरी चेंडू वाटीत फिरेल, प्लेट खडकाप्रमाणे कलेल आणि सळई सरळच राहील. मिस्त्री म्हणाले, "म्हणजे खांद्याचा सांधा." ही कल्पना जगात नवी नव्हती. आमच्या बोल्टला ती कशी बसवायची हा प्रश्न होता.

पहिल्या प्लेटचं भोक लहान पडलं. प्लेट कलली की भोकाची कड सळईला लागायची आणि पुन्हा तीच मान वाकायची. भोक मोठं केलं तर जोर आल्यावर वॉशरच त्यात रुतून बसली. मग वॉशर जाड केली, वाटीचा गोलावा बदलला. आट्यांचंही निघालं. आम्ही आटे लेथवर कापून पाडत होतो. कापलेल्या आट्याच्या खाचेत धार राहते आणि तडा तिथूनच सुरू होतो. मिस्त्रींनी ते काम दाबून आटे पाडणाऱ्याकडे दिलं. त्यात लोखंड कापलं जात नाही, नुसतं सरकतं, आणि खाच गोल राहते. रजिस्टरमध्ये मी एक नवा रकाना आखला, पृष्ठभाग किती तिरका आहे त्याचा. पानं पुन्हा खाडाखोडीची दिसायला लागली.

या सगळ्या महिन्यांत भांडुपच्या त्या माणसाकडे मी गेले नव्हते. आजोबा दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा येऊन म्हणाले, हातात सळी घातली आहे, पण खांद्याच्या वर हात जात नाही आणि आता ड्रिलिंग करता येणार नाही. मग मी गेले. एकटीच.

टेकडीवरची चाळ होती. पायऱ्या चढून जाईपर्यंत मला दम लागला. तो चाळिशीचा असेल, मालवणकडचा. दारात माझं नाव-गाव ऐकून त्याने डाव्या हाताने खुर्ची ओढली.

"बसा मावशी. तुमी कित्याक इतक्या चढान इलात? सायब येऊन गेले मां."

त्याच्या बायकोने पाणी दिलं. तो खेळकर माणूस होता. म्हणाला, "हात मोडलो, पण डावो आसा. जेवूक कोण थांबवणार माका?" बायको आतून म्हणाली, "त्येंचा तोंड तरी खय मोडला!" मलाही हसू आलं, आणि त्या हसण्यानेच मला पुढचं बोलणं जड झालं.

मी सांगितलं. बोल्ट माझ्याकडे टेस्ट होत होते, ठोकळ्याला मी गिलावा करवला होता. आणि ज्या दिवशी तुमचा हात सापडला त्या दुपारी इंजिनियर मुलीने मला विचारलं होतं, तेव्हा माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी बोलले नाही.

त्याचं हसणं थांबलं. बायको चहाचा कप घेऊन दारात तशीच उभी राहिली. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"सांगूक होया होता तुमी," तो म्हणाला.

"हो."

मग बायकोने कप माझ्यासमोर ठेवला, थोडा जोरात, आणि आत गेली. मी चहा प्याले. न पिणं मला बरोबर वाटलं नाही.

"माझ्या जागेर आता दुसरो आसा," तो म्हणाला. "तेका सांगलास?"

"बोगद्याच्या साहेबांना पत्र दिलंय. सगळं लिहून दिलंय."

"सायबाक सांगान काय होतला? सायब वर बघता काय? जो बोल्ट मारता तेका सांगा."

म्हणून मी बोगद्यावर गेले. मुलीने परवानगी काढली. शिफ्ट सुरू होण्याआधी तोंडाशी वीसेक माणसं चहा घेऊन उभी होती, काही आपल्याकडची, बरीचशी बिहार-ओडिशाची. डोक्यावर हेल्मेट घालून मी जुनी प्लेट आणि नवी प्लेट हातात धरून त्यांच्यासमोर उभी राहिले. मी मराठीत बोलले, मुलगी हिंदीत सांगत गेली. पहिलं वाक्य मी घरून ठरवून नेलं होतं: हा बोल्ट मी तपासला होता आणि मी तो चुकीचा तपासला. मग सांगितलं की प्लेटचा एकच कोपरा टेकलेला दिसला तर नट आवळू नका, आधी खडकाचा तो दात फोडा, नाहीतर इंजिनियरला बोलवा. काहींनी मान हलवली. काही कंटाळले होते, हे मला दिसत होतं.

मागून एकजण म्हणाला, "आजी, आता तरी कुठल्या दगडावर टेस्ट करता?"

"काँक्रीटवरच. पण खडबडीत केलेल्या."

"अहो मग आमचाच घेऊन जा ना! इथं काय कमी आहे काय?"

सगळे हसले. पुढच्या आठवड्यात खरोखरच डंपरमधून चार मोठे धोंडे गाळ्याच्या दाराशी येऊन पडले, बोगद्यातून निघालेले, काळे, एका बाजूने फुटलेले. आम्ही त्यांना आरपार भोकं पाडली. आणि पहिल्याच टेस्टला नवा बोल्टही तुटला.

मिस्त्रींनी प्लेट उलटी करून पाहिली. वाटीत लाल रंग साचून वाळला होता, त्यामुळे चेंडू फिरलाच नव्हता. माल सगळा एकसारखा दिसावा म्हणून प्लेटा रंगवून पाठवायची पद्धत माझीच. आतापर्यंतचे नमुने आम्ही न रंगवता तपासले होते. पाठवणार होतो रंगवलेले, आणि ही प्लेट त्यांतलीच होती.

कितीतरी दिवसांनी मिस्त्री माझ्याशी हसून बोलले. "वहिनी, लेकीला सासरी नाही पाठवायची आपल्याला. नटवू नका."

वाटी कोरी ठेवली, तिला ग्रीस लावलं. त्यानंतर जो माल जाणार तोच तपासायचा, रंग, ग्रीस, धूळ सगळ्यासकट, असं मी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहिलं. त्या चार धोंड्यांवर आम्ही प्रत्येक बाजूने, प्रत्येक कोनात बोल्ट ओढले. काही नापास झाले. नापास म्हणून लिहिले. शेवटी असे लॉट यायला लागले की तुटलाच तर बोल्ट ठरलेल्या भाराच्या पुष्कळ पुढे, लांबून ताणून तुटायचा, मानेशी नाही. त्या बोगद्यावरच्या लोकांनी स्वतः येऊन टेस्ट पाहिल्या, आपल्या हाताने पंप मारला आणि मगच एका लहान भागात ते बोल्ट लावायला परवानगी दिली.

बोल्ट लागल्यावर मुलीने मला फोनवर फोटो पाठवला आणि मग फोन केला. "काकू, बघितलात? सगळ्या प्लेटा वाकड्या बसल्यात. दिसायला एकदम बेकार. पण कोपरा हवेत एकाचा पण नाही." तिने मला स्वतःहून केलेला, कामापलीकडचा तो पहिला फोन होता.

तो फोटो घेऊन मी पुन्हा भांडुपला गेले. या वेळी बायकोने बसायला सांगितलं, चहा मात्र टाकला नाही. त्याने फोन गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी फोटो मोठा केला. उजवा हात मांडीवर तसाच होता. एकेक प्लेट तो वरून खाली बघत गेला, जशी मी पूर्वी आकड्यांची ओळ बघत असे तशी. शेवटच्या रांगेत त्याचं बोट थांबलं.

"ह्येचो नट बसलो नाय," तो म्हणाला. "बघा, हय सावळी पडली आसा. फट आसा थय."

मी चष्मा लावून पाहिलं. मला दिसलं नाही.

"तुमका नाय दिसाचा," तो म्हणाला. "फोन लावा तिका. आत्ता लावा, शिफ्ट सुरू होतली."

मी तिथेच, त्याच्यासमोर, मिस्त्रींच्या मुलीला फोन लावला.